बाळसं

घोडेगाव, तालुका नेवासे
ता. ७ ऑगस्ट १९४४

दीनाताई,

तुला सलाम. नाताळानंतर आज पहिल्यांदाच तुझ्या मिरजेच्या पत्त्यावर लिहिते आहे. आधी कार्डच घेतलं होतं, कारण पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते न फोडता बाजूला ठेवशील असं वाटलं. पण कार्ड टपालवाला पुंजाराम वाचतो, मग गाव वाचतं. म्हणून पाकीट.

नाताळात तू मरियाला चौकटीला टेकवून उभी केलीस, फीत लावलीस आणि म्हणालीस, "दोन वर्षं होऊन गेली आणि एकोणतीसच इंच? दया, हिच्या पोटात जातं काय?" त्यावर मी बोलले ते बोलले. तू न जेवता दुपारच्या मोटारीने निघून गेलीस. ते आता उगाळत नाही.

कळवायचं ते असं, की मरियाने बाळसं धरलं आहे. पाहिलीस तर ओळखायची नाहीस. गाल वर आले आहेत, पावलं तर अशी गुबगुबीत की मागच्या वर्षीचे बूट चढत नाहीत. केसही पिंगट होऊ लागले आहेत, थेट मिशनच्या मडमेच्या मुलीसारखे. आमच्या शेजारच्या गोजरबाई, बागाईतदाराच्या घरच्या, काल भिंतीवरून म्हणाल्या, "दयाबाई, पोरीनं लई झ्याक बाळसं धरलंय बगा. काळा टिक्का लावा. किरिस्ताव असला म्हनून काय झालं, लावा!" मी हसले. टिक्का अर्थातच लावला नाही.

तू विचारलं होतंस म्हणून तिचं खाणं लिहिते. सकाळी शेळीचं दूध पावशेर, दुपारी वरणभात, एक दिवसाआड अंडं, संध्याकाळी पुन्हा दूध. नर्सबाई, तुमचं समाधान व्हावं.

मरियाचे बाबा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर कुठेसे आहेत. मिलिटरी दवाखान्यात ड्रेसरचंच काम आहे, बंदूक धरावी लागत नाही. त्यांचं पत्र एप्रिलपासून नाही. टपालाचा घोळ असणार.

तुझी बहीण,
दया

ता. क. एक-दोन बारीक गोष्टी विचारून ठेवते, तू दवाखान्यात रोज पाहतेस म्हणून. मरिया हल्ली उभी राहायला तयार नसते, बसवली तिथे बसून राहते. रडतही नाही, खेळणं काढून घेतलं तरी नाही. मी शहाणी झाली असं म्हणते. आणि पोटऱ्यांवरची कातडी काळी पडून पापुद्रे निघतात. उन्हाने होत असेल ना? पण इकडे पंधरा दिवस ढगच आहेत.


घोडेगाव
ता. १७ ऑगस्ट १९४४

दीनाताई,

तुझं उत्तर मिळालं. त्यात सलाम नाही, बरं-वाईट नाही, नुसते हुकूम. "अंगठ्याने नडगीवर दाब, दहा मोज, मग उचल आणि काय दिसतं ते लिही."

मला राग आला होता. त्या रागात मी वीस मोजले.

अंगठा उचलला तर तिथे खळगा. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा, त्याच्या तळाला माझ्या अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. मी वाट पाहत राहिले. आता भरेल, आता भरेल. भरेना. दुसऱ्या पायावर दाबलं, तिथेही तेच. पावलावर दाबलं. माझ्या हातांना थांबताच येईना, ताई. सात खळगे केले मी तिच्या अंगावर आणि ती माझ्याकडे पाहत राहिली. पाय मागे ओढला नाही तिने.

तिला कडेवर घेऊन तशीच गोजरबाईंच्या ओसरीवर गेले. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी मरियाचा पाय हातात घेतला, वास घ्यावा तसा जवळ नेऊन पाहिला.

"व्हय. सूज हाय ही."

"तुम्हीच म्हणालात ना, बाळसं धरलं म्हणून?"

"मग काय म्हनू? मालक लढाईवर गेलेल्या बाईला काय म्हनायचं असतं? आमी आपलं मन राखाया बोलतो. तुमी शिकल्याल्या, तुमाला कळंल असं वाटलं." मग मरियाच्या हनुवटीला बोट लावून, "काय घालती गं तुला तुजी आई?"

"आरारूट," मी म्हणाले. "हलकं असतं. दवाखान्यातून आणलेलं."

"आरारूट!" त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अवो दयाबाई, त्याची तर आमची थोरली सून लुगड्याला खळ करती. कडक हुतं लुगडं. प्वार कसं कडक हुईल त्यानं?"

त्यांची नात राही मरियाहून तीन महिन्यांनी लहान. ती त्या वेळी हुलग्याच्या माडग्यात भाकरी बुडवून खात होती, अर्धं तोंडात, अर्धं पोटावर. मरियाला तिच्याशेजारी उभी केली. नाही, उभी कुठली, मीच बगलेत धरली होती. मरियाचं डोकं राहीच्या कानाला लागलं.

आता ही पोटाला कमी पडल्याची सूज असेल तर सांग, दूध, वरण, अंडं सगळं देत असताना असं का व्हावं? दुसराच काही रोग असेल. मूत्राचा असेल. तुमच्या डॉक्टरांना विचार. मुलीच्या आहारात काही उणं नाही एवढं त्यांना नक्की सांग. आरारूट आपलं मधूनमधून, पोट बिघडलं तर.

लवकर लिही. मला हल्ली तिला उचलायला भीती वाटते. जिथे धरते तिथे माझी बोटं उमटतात.

दया


घोडेगाव
ता. १९ ऑगस्ट १९४४

ताई,

परवाचं पत्र तुझ्या हाती पडलंही नसेल. ते खोटं आहे. त्याच्या आधीचंही खोटं होतं. तुमच्या डॉक्टरांना काही सांगू नकोस.

माझी वही तुला माहीत आहे, शाळेपासूनची सवय. घरात काय आलं, काय शिजलं, कुणी काय खाल्लं, रोज लिहून ठेवते. काल ती उघडून मरियाचं नाव असलेल्या ओळी तेवढ्या वाचल्या. एप्रिलपासूनच्या. सकाळी आरारुटाची पेज, गूळ घालून. दुपारी भाताची पेज. चार वाजता चहा, त्यात बुडवून बिस्किट. संध्याकाळी गुळवणीत भाकरीचा कुसकर. दुसऱ्या दिवशी तेच. पानं उलटत गेले, तेच. डाळ जड पडेल म्हणून नाही. अंडी मिलिटरीच्या ठेकेदाराकडे जातात, तिच्या शिक्षणासाठी म्हणून मी ते पैसे जमवते. आणि दूध? चार महिन्यांत मरियाच्या नावापुढे दूध एकदाही नाही.

दूध कुठे जातं ते लिहिते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मरियाच्या बाबांनाही नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात त्यांना आघाडीवर पाठवायचं ठरलं. जाण्याआधी रजेवर आले तेव्हा इथल्याच बाजारातून शेळी आणली. "मरियाला अंगावरचं तुटलं की हिचं," म्हणाले. ते गेले त्याच आठवड्यात, त्यांच्याबरोबर भरती झालेला राहात्याचा एक मुलगा वारल्याची तार त्याच्या घरी आली. त्या दिवशी मी दार लावून गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, प्रभू, या घरात जे सगळ्यात चांगलं आहे ते तुझं, यांना तेवढं परत आण. घरात सगळ्यात चांगलं काय होतं, ताई? शेळीचं सकाळचं दूध.

दुसऱ्या दिवसापासून ते मी चर्चच्या पाळकांच्या घरी पोचवू लागले. पाळकीणबाई मनकर्णाबाईंना सांगितलं, उपकारस्तुतीचं अर्पण आहे. नवस म्हटलं नाही. नवस आपल्यात करत नाहीत. शब्द बदलला म्हणजे गोष्ट बदलते असं मला खरंच वाटलं. पंधराव्या दिवशी त्यांचं पत्र आलं, खुशाल आहे. तेव्हापासून मी बांधली गेले. जेव्हा जेव्हा पत्र येई तेव्हा वाटे, दूध पोचलं.

नाताळात तू आलीस तेव्हा मरियाला निदान संध्याकाळचं मिळत होतं. एप्रिलमध्ये पत्रं बंद झाली. मला वाटलं, देणं कमी पडलं. म्हणून संध्याकाळचंही द्यायला लागले.

तरी ती वाढत नव्हती हे मला दिसत होतं. तुझ्या फितीच्या आधीपासून दिसत होतं. म्हणून तर तुला तसं बोलले. ते लिहून टाकते, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मी म्हणाले होते, "जिची कूस रिकामी तिने माझ्या लेकराला फीत लावू नये, नजर लागते." रविवारच्या शाळेत मुलींना नजर-बिजर काही नसते असं शिकवणारी मी.

आता माझी भीती ऐक. आज दूध मरियाला दिलं आणि उद्या तार आली तर? ते दूध तिच्या घशाखाली उतरताना तिकडे काही झालं तर? आणि नाही दिलं तर ही माझ्या डोळ्यांसमोर. काल संध्याकाळी धार काढून भांडं घेऊन मी अंगणात उभी राहिले. पाळकांच्या घराकडे चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी कुठे दिलं ते विचारू नकोस.

तू मोठी आहेस. तू सांग काय करू. माझ्याने ठरवलं जात नाही.

दया


घोडेगाव
ता. २ सप्टेंबर १९४४

प्रिय ताई,

तू तार केलीस ती घाईने केलीस हे मला कळतं. पण ती इथे कशी पोचली ते तुला माहीत नाही.

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी दहाच्या सुमाराला पुंजाराम आला. रोज तो लांबूनच ओरडतो, "दयाबाई, काय न्हाई!" त्या दिवशी ओरडला नाही. सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली. टोपी काढली म्हणताच मी समजले. म्हणाले, "ठेवा तिथे." तो म्हणाला, "सही लागती, बाई." मी सही केली. दोन रात्री आधीपासून मरियाला मी थोडं थोडं दूध देऊ लागले होते, अर्धंच, बाकीचं पाळकांकडे पोचवत होते. मनात आलं, हे अर्धं प्रभूला चाललं नाही.

पाकीट फोडवेना. गोजरबाई धावत आल्या, त्यांना वाचता येत नाही, पुंजारामला इंग्रजी येत नाही. आम्ही तिघं त्या पाकिटाभोवती उभे. शेवटी गोजरबाईच ओरडल्या, "फोडा की वो! जे हाय ते कागदात हाय, न फोडल्यानं जातंय व्हय?"

फोडलं. दूध दे. पाप माझं. रजा मिळताच निघते. दीना.

मी तिथेच हसत सुटले. पुंजारामला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. "मालक गेलं का?" त्याने गोजरबाईंना हळूच विचारलं. मी म्हणाले, "नाही रे, दूध द्या म्हणतात." तो टोपी घालून निघून गेला. आता गावभर सांगत असेल, सरकार तार करून दूध द्या म्हणतं.

त्या संध्याकाळी पाळकांकडे दूध गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई स्वतः आल्या, पदराखाली रिकामं भांडं.

"शेळी आटली का गं?"

हो म्हणून टाकणार होते. जिभेवर आलं होतं. पण मरिया तिथेच पोत्यावर बसलेली, तिच्याकडे पाहून सगळं सांगितलं, राहात्याच्या तारेपासून. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदराखालचं भांडं खाली ठेवलं.

"अगं पण," त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुझ्याकडे उरतं म्हणून देतेस. आमच्याकडे कोण पिणारं? पाळकसाहेबांना शेळीच्या दुधाचा वास येतो. चहात घालायचं, उरलं तर मांजराला."

मांजराला, ताई.

त्या रडल्या, मी नाही. भांडं इथेच विसरून गेल्या.

तारेमागून आलेल्या पत्राप्रमाणे सगळं करते आहे. पहिले दोन दिवस दुधात निम्मं पाणी, दर दोन तासांनी चार चमचे, मग हळूहळू पाणी कमी. पहिल्या दिवशी तिने सगळं ओकलं. मी पुन्हा दिलं. चौथ्या दिवसापासून मुगाचं कढण, काल अर्धं अंडं. मीठ बंद.

पण तू लिहिलं नव्हतंस की असं होईल. सूज उतरते आहे आणि आतून जे निघतं आहे ते मला पाहवत नाही. गाल गेले. हात म्हणजे काटक्या. पाठीचा मणी न मणी मोजून घ्यावा. महिनाभर मी जिला बाळसेदार म्हणून दारात बसवत होते, ती ही एवढीशी होती. रोज सकाळी ती कालच्यापेक्षा कमी असते. गोजरबाई म्हणतात, "पानी गेलं, आता पोर ऱ्हायली. आता भरंल." त्या पुन्हा माझं मन राखायला बोलतात का, ते मला ओळखता येत नाही.

ही अशीच कमी होत होत संपली तर? लवकर ये. रजा मागू नकोस, निघच.

दया


घोडेगाव
ता. २६ सप्टेंबर १९४४

मरियाच्या बाबांस,

सलाम. हे पत्र फील्ड पोस्टाच्या पत्त्यावर पाठवते आहे. मधली पाच पत्रं तुम्हाला मिळाली की नाही, ठाऊक नाही. मिळाली असतील तर त्यांत मरिया खुशाल आहे असं लिहिलेलं आहे. ते खरं नव्हतं.

दीनाताई दोन आठवड्यांपूर्वी आल्या. माझ्याशी भांडल्या नाहीत. ट्रंक ठेवली, हात धुतले आणि मरियाला मांडीवर घेतलं. पहिले तीन दिवस आम्ही फक्त "गरम झालं का" आणि "चमचा दे" एवढंच बोललो. चौथ्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "वाकतेस कशाला, चुलीवर कढण आहे, उतू जाईल." आज त्या गोजरबाईंबरोबर मळ्यात गेल्या आहेत, मेथी आणायला. जाताना मला म्हणाल्या, त्यांना सगळं लिही, मी येईपर्यंत लिहून झालं पाहिजे.

तुम्ही मरियासाठी आणलेल्या शेळीचं दूध मी तिला दिलं नाही. तुमच्या जिवासाठी दुसरीकडे दिलं. वर्षभर अर्धं आणि एप्रिलपासून सगळं. तिला आरारूट आणि गूळ-पाणी दिलं आणि तिच्या अंगावर सूज आली, तिला मी बाळसं म्हटलं. ती मरणार होती. ताईंनी नीट शब्दांत सांगितलं, दोन-तीन आठवडे उशीर झाला असता तर. मुलगी तुमचीही आहे, म्हणून तेच शब्द तुम्हाला लिहिते.

आता ती जगेल असं ताई म्हणतात. वजन चढतं आहे. काल भिंतीला धरून चुलीपासून दारापर्यंत गेली. परवा तिने राहीच्या हातातली शेंग हिसकावली आणि राहीने तिला चापट मारली तर भोकाड पसरून रडली. मी किती महिन्यांनी तिचं रडणं ऐकलं. गोजरबाई राहीला रागावल्या, तर मी म्हणाले, "राहू द्या, रडू द्या तिला."

उंचीचं मी ताईंना विचारलं. भांडी घासून झाली तेव्हा म्हणाल्या, "वजन मी भरून देईन. उंचीचं वचन देत नाही. ही दोन वर्षं हाडं वाढायची होती. चांगलं खाल्लं तर वाढेल, पण जेवढी व्हायची होती तेवढी होईलच असं नाही." तुम्ही एवढे उंच, तुमच्या घरात सगळेच उंच. तुम्ही याल तेव्हा ती तुमच्याकडे धावत येईल आणि तुम्हाला वाटेल ही दुसऱ्याच कुणाची, लहान मुलगी. ती मरियाच आहे. लहान राहिली ती माझ्यामुळे, आजाराने नाही. हे तुम्ही लोकांच्या तोंडून ऐकू नये म्हणून लिहिलं.

आणखी एक राहिलं. दुसरीकडे दूध देणं बंद केल्याला चार आठवडे होऊन गेले. तुमचं पत्र आलेलं नाही. तुमच्यासाठी मी आता काहीच धरलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करते, पण बदल्यात देवापुढे काही ठेवत नाही. अशी रिकाम्या हाताने प्रार्थना करायची मला सवय नाही. फार भीती वाटते. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तीच खरी." त्यांना म्हणायला काय जातं.

तुम्ही असाल तर हे वाचून रागवा. पण रागावलेलं का होईना, लिहा.

आत्ताच धार काढून आणली. दूध तापलं आहे. मरिया उंबऱ्यात बसून "मला, मला" करते आहे. वाटीत ओतताना दर वेळी तुमचा चेहरा समोर येतो आणि माझा हात थांबतो. मग ती रिकामी वाटी जमिनीवर आपटते आणि माझ्यापुढे धरते.

मी ओतते.

दया